धुरा आणि बुडबुडे

खुशाल रामटेके मोजणीच्या बाबतीत भलता हट्टी माणूस. घरात भिंतीवर कॅलेंडर लावायचं झालं तरी तो टेप काढून दोन्ही कोपऱ्यांपासूनचं अंतर मोजायचा, खिळा ठोकायचा आणि ठोकून झाल्यावर पुन्हा मोजायचा. त्याची बायको नीलिमा आदिलाबादजवळच्या जैनथला मराठी शाळेत शिकवायची. लग्नाच्या पहिल्या वर्षी तिला याचं हसू आलं, दुसऱ्या वर्षी ती चिडली आणि तिसऱ्या वर्षापासून ती खुशाल घराबाहेर असतानाच कॅलेंडर लावू लागली.

या हट्टाला कारण होतं. खुशालचा बाप बोरखेडीत भगवानरावांच्या वडिलांकडे पंधरा वर्षं सालगडी होता. दर वर्षी नांगरटीला मालक धुऱ्यावर, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावर, उभे राहून सांगायचे, नांगराचं एक तास पलीकडून घे. बाप घ्यायचा. शेजाऱ्यानं बोंब मारली की मालक म्हणायचे, गड्याची नजर चुकली. असा पंधरा वर्षं बापाच्या नजरेवर ठपका बसत गेला. नजर बिघडली म्हणून मालकांनी बापाला एकदा आदिलाबादला नेऊन चष्मासुद्धा करून दिला होता. बापाची नजर चांगली होती. चष्मा घातल्यावर त्याला अंधुक दिसायचं, म्हणून तो फक्त मालकासमोर घालायचा. खुशालनं शाळेत असतानाच ठरवलं होतं की आपण नांगर धरायचा नाही, मोजायचं काम करायचं.

तर असा हा खुशाल पुढे सर्वेयर झाला. आधी साखळी ओढली, मग टेप ओढला आणि शेवटी हैदराबादेहून उपग्रहावर चालणारं यंत्र आणलं. त्याचे दोन भाग. एक तिपाईवर एका जागी ठेवायचा, त्याला म्हणायचं बेस. दुसरा माणसाएवढ्या दांड्यावर, वर कुत्र्याच्या छत्रीसारखी टोपी. तो दांडा हातात घेऊन शेतभर फिरायचं. सोबत हातात पडद्याची एक पाटी, तिच्यावर हिरवी अक्षरं आली की जागा बोटभराच्या फरकात पक्की. पिवळी आली की थांबायचं. खुशाल लोकांना सांगायचा, "याले ना ऊन लागते, ना अंधार. डोये बांधून मोजलं तरी बोटभर फरक पडनार नाही." हे तो इतक्यांदा बोलला होता की लोक त्याला मागून बोटभर सर्वेयर म्हणायचे. त्याला ते कळलं होतं आणि आवडलंही होतं.

दोन हजार चोवीसच्या मार्चात बोरखेडीच्या भगवानरावांनी त्याला बोलावलं. त्यांचं आणि केशवरावांचं शेत लागून. दोघांच्याही कापसाच्या पराट्या उपटून झाल्या होत्या, रान मोकळं होतं. भांडण मधल्या धुऱ्याचं. भगवानराव म्हणत, केशवरावांनी अडीच हात खाल्ला. केशवराव म्हणत, अडीच हात भगवानरावांच्याच पोटात आहे. बारा वर्षं दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बोलायचं झालंच तर भगवानरावांच्या बायकोमार्फत, म्हणजे बयनाबाईंमार्फत. दोघंही तिच्याकडे तोंड करून दुसऱ्याला ऐकू जाईल असं बोलत.

त्या दिवसांत खुशालकडे एका रस्त्याच्या मोजणीचं काम होतं, ते सहाला सुटायचं. म्हणून ठरलं की तो सोमवारी संध्याकाळी थेट बोरखेडीला यायचा.

सोमवारी सातला त्यानं बेस लावला. उत्तरेच्या टोकाला जुना दगड होता तिथून सुरुवात केली. दर वीस पावलांवर खुंटी ठोकायची आणि चुना टाकायचा. पहिल्या अकरा खुंट्या दोरी ताणल्यासारख्या सरळ गेल्या. आठ वाजून गेले. बाराव्या खुंटीला अक्षरं जराशी पिवळी झाली, पुन्हा हिरवी झाली. खुशालनं ठोकली. अठरा खुंट्या झाल्यावर भगवानरावांनी बॅटरीचा उजेड सगळ्या रांगेवर फिरवला. रांग शेवटी केशवरावांच्या शेतात चांगली अडीच हात शिरली होती.

"बयना," भगवानराव म्हणाले, "सांग त्याइले. मशीन खोटं नाही बोलत."

केशवरावांनी बयनाबाईकडे पाहून सांगितलं की उद्या पुन्हा मोजा.

मंगळवारी खुशालनं पुन्हा मोजलं. आठपर्यंत सगळं कालच्यासारखंच. आठनंतर रांग वळली, पण या वेळी भगवानरावांच्या बाजूला, तीन हात. केशवरावांनी खुर्ची मागवली आणि शेवटच्या खुंटीजवळ टाकून बसले. बुधवारी रांग आधी इकडे गेली, मग तिकडे, आणि शेवटची खुंटी भगवानरावांच्या विहिरीच्या काठावर आली.

गावाला दुसरं काम नव्हतं. दोन दिवसांत सोमवारचा धुरा आणि मंगळवारचा धुरा अशी नावंच पडली. भगवानराव सोमवारचा मानत, केशवराव मंगळवारचा. बुधवारचा कोणीच मानत नव्हतं. खुशालबद्दल दोन तर्क होते. एक, त्यानं दोघांकडूनही खाल्लं असेल आणि कोणाचं आधी खाल्लं ते विसरला असेल. दुसरा, तो आठ वाजता घेत असेल. खुशालनं आयुष्यात दारूला हात लावलेला नव्हता. पण बुधवारी रात्री मोटारसायकलवरून घरी जाताना त्याला स्वतःलाच एकदा वाटून गेलं की आपण सरळ चाललोय ना.

त्यानं यंत्राच्या कंपनीला फोन केला. तिकडून एका मुलीनं तेलुगूत फार गोड आवाजात सांगितलं, "आफ चेसी आन चेयंडी सर." म्हणजे बंद करून चालू करा. त्यानं केलं. तासाभरानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर.

मग त्यानं स्वतःच्या पद्धतीनं शोध सुरू केला. अंगणात बोअरचा लोखंडी पाइप होता, खाली सिमेंटचा ओटा. यंत्राचा दांडा त्यानं त्या पाइपाला तारेनं तीन ठिकाणी आवळून बांधला. बेस गच्चीवर ठेवला. नीलिमाकडून शाळेचं जुनं हजेरीचं रजिस्टर घेतलं, त्यात जीवनपासून मयूरीपर्यंत मुलांची नावं होती तिथं वेळा लिहिल्या, आणि स्टूल टाकून बसला.

आठ वाजता नीलिमा जेवायला बोलवायला आली. "काय लिहून राह्यले?"

"दांडा कुठं हाय ते."

"पाइपाले बांधला हाय ना तुमी?"

"हाव. पन तो हिंडून राह्यला. आता मघाशी भिंतीपलीकडं ताराबाईच्या न्हानीत होता."

नीलिमानं दांड्याकडे पाहिलं, तारेकडे पाहिलं, नवऱ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग ती आत गेली आणि मुलीला फोन लावला.

मुलगी अर्पिता हैदराबादला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होती. आईनं तिला सांगितलं की बाप अंगणात बसून बांधलेली काठी कुठे गेली ते लिहितोय. अर्पितानं बापाला फोन द्यायला सांगितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पप्पा, किती वाजता सुरू होते?"

खुशालला तिथंच बरं वाटलं. इतक्या दिवसांत वेळ विचारणारी ती पहिलीच. "आठच्या मागंपुढं. दहाला कमी होते. दिवसा काहीच नाही. आन् दिसनारे उपग्रह छब्बीसचे नऊ होतात."

"सगळ्या वेळा लिहून ठेव. फोटो पाठव मले."

त्याच आठवड्यात तिनं आपल्या मॅडमना ते फोटो दाखवले आणि शुक्रवारी संध्याकाळी बापाला तासभर समजावलं. आपल्या डोक्यावर तीनशे किलोमीटर उंचीवर हवा फार विरळ असते. तिथले कण दिवसभराच्या उन्हानं फुटतात आणि विजेनं भारलेले होतात. त्याला प्लाझ्मा म्हणायचं. सूर्य मावळला की त्या थराचा खालचा भाग भराभर विरतो, कारण तिथले फुटलेले कण पुन्हा जुळतात. वरचा भाग मात्र दाट राहतो. म्हणजे वर जड आणि खाली हलकं. त्यात मावळतीला एक विद्युतक्षेत्र अख्खा थर आणखी वर ढकलतं. अशा अवघडलेल्या अवस्थेत खालून जराशी लहर उठली की विरळ भाग वरच्या दाट भागात घुसतो आणि बुडबुड्यासारखा चढत जातो.

"किती जोरात?" खुशालनं विचारलं. त्याला आकडा हवा होता.

"सेकंदाला शंभर-दीडशे मीटर. कधी त्याहून जास्त."

"पन आपल्या गावावर काऊन?"

"आपल्या गावावर नाही उठत. तो उठते तिकडं तिरुनेलवेलीच्या बाजूले, चुंबकीय विषुववृत्तावर."

"ते बाराशे किलोमीटर हाय," खुशाल म्हणाला. अंतर त्याला तोंडपाठ होतं.

अर्पितानं मग सांगितलं की बुडबुडा चेंडूसारखा गोल नसतो. पृथ्वीच्या चुंबकाच्या रेषा विषुववृत्तावरून कमानीसारख्या जातात, एक पाय दक्षिणेला, एक उत्तरेला. बुडबुडा त्या कमानीभर पसरतो. जितका उंच चढेल तितके त्याचे पाय लांब पडतात. फार उंच गेला की उत्तरेचा पाय आदिलाबादवर येतो. उपग्रहाचा सिग्नल त्या पायातून खाली येताना लुकलुकतो, तुटतो, आणि यंत्राला आपण कुठे आहोत ते कळेनासं होतं. मार्चात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात हे जास्त होतं. सध्या सूर्य खवळलेला आहे, म्हणून आणखी जास्त.

खुशालनं फोन ठेवला आणि वर पाहिलं. वर काहीच दिसत नव्हतं, चांदण्या नेहमीच्याच. पण त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. चूक त्याच्या हाताची नव्हती. रजिस्टरच्या वेळा पाहून त्यानं ठरवलं की हे गावाला दाखवायचंच. शनिवारी साडेसातला सगळ्यांनी धुऱ्यावर यावं, आठला बुडबुडा येईल, आणि न हलवलेला दांडा पाटीवर कसा हिंडतो ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहावं.

शनिवारी बोरखेडीतून पन्नासेक माणसं आली. शाळेतल्या सतरंज्या आल्या. कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा भाजून आणल्या. खुशालनं दांडा एका जुन्या दगडाला बांधला, मोठ्या अक्षरांत आकडे दिसावेत म्हणून पाटी खुर्चीवर उभी केली, आणि दहा मिनिटं भाषण केलं. थर सांगितला, कमान सांगितली, तिरुनेलवेली सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं. बुडबुडा या शब्दाला तेवढी मागच्या रांगेत थोडी गडबड झाली.

आठ वाजले. पाटी हिरवी. साडेआठ वाजले. हिरवी, फरक बोटभरसुद्धा नाही. नऊला सव्वीसच्या सव्वीस उपग्रह जागेवर होते. त्या यंत्रानं इतकं नीट काम आयुष्यात केलं नव्हतं.

केशवरावांनी शेंगांची टरफलं झटकली आणि बयनाबाईकडे तोंड केलं. "बयनाबाई, विचारा सर्वेयरले. आज शनिवार म्हनून बुडबुड्याले सुट्टी हाय का?"

पन्नास माणसं हसली. भगवानरावसुद्धा हसले, आणि केशवरावांच्या बोलण्यावर ते बारा वर्षांत पहिल्यांदा हसले होते. खुशालनं तार सोडली. घरी जाऊन त्यानं रजिस्टरमध्ये तारखेपुढे लिहिलं: काही नाही. आणि मुलीला फोन केला.

"ते असंच असते पप्पा," अर्पिता म्हणाली. "आज येईल का नाही, हे अजून जगात कोनालेच नक्की सांगता येत नाही. मॅडम त्याच्यावरच काम करून राह्यल्या. मी तुले सांगाले पायजे होतं."

"हाव," खुशाल म्हणाला. "थोडं आधी."

रविवारी तो कुठेही गेला नाही. संध्याकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी बोअरच्या पाइपाला बांधलेला दांडा हिंडायला लागला, आणि असा हिंडला की तो पाटीवर आधी रस्त्यापलीकडे गेला आणि मग नीलिमाच्या स्वयंपाकघरात आला. खुशालनं भगवानरावांना फोन लावला. फोन बयनाबाईंनी उचलला. मालक जेवत होते.

"वहिनी, त्याइले म्हनावं आत्ता या. बुडबुडा आला हाय."

फोनच्या पलीकडे थोडं बोलणं झालं. बयनाबाई परत आल्या. "ते म्हनतात, त्याले बसव, मी जेवून येतो."

बयनाबाईंना बहुतेक त्याची दया आली. त्या म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू का? रोज रोज हे पाहून राह्यले मी. ते बुडबुडे सकाळी येतात का?"

"नाही वहिनी. ऊन पडलं की खालचा थर पुन्हा भरते. हे दिवस बुडल्यावरच होते."

"मंग सकाळी मोजा ना."

खुशाल पाटी हातात धरून उभा राहिला. तासभर त्यानं प्लाझ्मा समजून घेतला, अख्ख्या गावासमोर तिरुनेलवेलीची कमान मांडली, रजिस्टरची नऊ पानं भरली, आणि ही एवढी गोष्ट त्याला सुचली नव्हती. अर्पितालाही सुचली नव्हती. मॅडमना सुचली असेल, पण त्यांना कोणी विचारलं नव्हतं. "सकाळी येतो," तो म्हणाला.

या वेळी त्यानं सगळं कागदोपत्री करायचं ठरवलं. रस्त्याच्या कामावर एक दिवस सुट्टी टाकली. कचेरीतून दोन्ही सर्वे नंबरांचं जुनं टिपण काढलं, म्हणजे निजामाच्या काळातला मोजणीचा नक्शा. महसुलाचे गिरदावर, म्हणजे मंडळ अधिकारी, रविकांत यांनाही हजर राहायला सांगितलं, म्हणजे नंतर कोणी सोमवार-मंगळवार काढायला नको.

बुधवारी सकाळी सातला मोजणी सुरू झाली. यंत्र शहाण्यासारखं वागलं. साडेनऊपर्यंत सगळे जुने दगड सापडले, दोन तर मातीखाली हातभर गाडलेले. खुशालनं टिपण पसरलं, आकडे लावले, पुन्हा लावले. मग तो उठला आणि सगळं पहिल्यापासून परत मोजलं.

"काय झालं?" गिरदावरांनी विचारलं.

"साहेब, इथं धुरा नाही," खुशाल म्हणाला. "इथं पांदन हाय. बारा फुटाची गाडीवाट. नदीपर्यंत जाते."

टिपणात दोन ओळी होत्या आणि मध्ये मोकळी जागा होती. दोन्ही बाजूंनी वर्षाला एक एक तास घेत, भगवानरावांच्या घराण्यानं साडेसहा फूट आणि केशवरावांच्या घराण्यानं साडेपाच फूट पांदण खाऊन टाकली होती. बारा वर्षं ज्या अडीच हातांसाठी दोघं भांडले, ते दोघांचेही नव्हते. सरकारचे होते.

मागे पांदणीच्या शेवटाला देवकाबाईचं दोन एकर होतं. ती म्हातारी तिथंच उभी होती. तिच्या शेतात बैलगाडी जायला वाट नव्हती. दर वर्षी कापूस ती डोक्यावर गाठोडी बांधून नाल्यातून वळसा घालून आणायची. तिनं विचारलं, "म्हनजे माह्या वावरात गाडी येईन का?"

"येईन मावशी. ट्रॅक्टरबी येईन," खुशाल म्हणाला. ती खाली बसली आणि पदरानं तोंड पुसू लागली.

मग जे झालं ते बोरखेडीत अजून सांगतात. भगवानराव केशवरावांकडे वळले. बयनाबाईंकडे नाही, थेट केशवरावांकडे. "केशव, इकडं ये जरा." दोघं बाभळीखाली गेले. पाच मिनिटं कुजबुज झाली. परत आले तेव्हा केशवरावांचा हात भगवानरावांच्या खांद्यावर होता.

"साहेब," भगवानराव गिरदावरांना म्हणाले, "ही मोजनी धरता येनार नाही. वरतं बुडबुडा हाय."

"काय आहे?"

"बुडबुडा. प्लाझ्माचा," केशवराव म्हणाले. "तिरुनेलवेलीले उठते आन् त्याचा पाय आपल्या शिवारावर पडते. मशीनले काही समजत नाही मंग. वरतं जड राह्यते, खालतं हलकं. ह्या खुशालभाऊनंच सांगतलं, पन्नास मानसाईच्या समोर."

शनिवारी सगळ्यात जोरात हसलेला माणूस आता कमान हातानं काढून दाखवत होता, आणि बरीचशी बरोबर काढत होता. गिरदावरांनी खुशालकडे पाहिलं. "असं काही असतं?"

खुशालला आयुष्यात इतकं अवघड कधी गेलं नाही. आठवडाभर ज्या गोष्टीसाठी तो झगडला, ती गोष्ट दोन मोठी माणसं त्याच्या बाजूनं बोलत होती.

"असते साहेब," तो म्हणाला. "पन दिवस बुडल्यावर. आता साडेदहा वाजले."

"सकाळचाबी एखांदा असू शकते ना," भगवानराव म्हणाले. "आकाशाचं कोनी सांगावं?"

"नाही असू शकत. पाटी हिरवी हाय, उपग्रह पूर्न हायेत. दोनदा मोजलं." मग त्यानं आवाज खाली आणला. "तिसऱ्यांदा मोजू का, काका? तुमी म्हनाल तर मोजतो."

भगवानरावांनी त्याच्याकडे पाहिलं, टिपणाकडे पाहिलं, आणि नको म्हणाले. गिरदावरांनी पंचनामा लिहिला. दोघांनी सह्या केल्या. आधी कोणी करायची यावर थोडा वेळ गेला, पण या वेळी दोघंही दुसऱ्याला आधी कर म्हणत होते.

पुढच्या हंगामात देवकाबाईचा कापूस बैलगाडीतून निघाला. भगवानराव आणि केशवराव आता रोज संध्याकाळी पारावर एकत्र बसतात, आणि खुशाल सर्वेयरनं आपल्याला कसं बुडवलं हे एकमेकांना सांगतात. बारा वर्षांचं बोलणं साठलेलं होतं, ते अजून संपलेलं नाही.

अर्पिताच्या मॅडमनी रजिस्टरच्या सगळ्या पानांचे फोटो मागवून घेतले. त्यांच्या सगळ्यात जास्त कामाला आलं ते शनिवारचं पान. बुडबुडा आला हे लिहिणारे पुष्कळ असतात, पण आला नाही हे वेळेसकट लिहून ठेवणारा त्यांना फारसा भेटला नव्हता. आदल्या आणि दुसऱ्या दिवशी होता, मग शनिवारी का नव्हता, यावर त्या अर्पिताला घेऊन काम करतायत. मॅडमचा हा निरोप खुशालनं नीलिमाला तीनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, आता तरी रजिस्टर शाळेला परत द्या. त्यानं दिलं नाही.

गेल्या वर्षी सप्टेंबरात भगवानरावांचा फोन आला. जैनथच्या वाटेवर त्यांचं दुसरं एक वावर आहे, तिथं शेजाऱ्याशी नवीन कुरबुर सुरू झाली होती. मोजणीला या म्हणाले.

"येतो काका. सकाळी सातला."

"नाही, नाही. संध्याकाळी या. आठच्या मागंपुढं."

"काऊन?"

"पाहू ना एकदा," भगवानराव म्हणाले. "माह्या बाजूनं झुकला तर."

खुशाल सकाळी सातला गेला.